पुनरुक्त आणि आवर्तन : इलेक्ट्रॉनिक संगीतातील १९९५च्या एका वादाचा इतिहास

इ. स. १९९५च्या ऑगस्ट महिन्यात बी. बी. सी.च्या 'रेडिओ ३' ह्या वाहिनीने जर्मन रचनाकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांची साल्झबर्ग येथे मुलाखत घेतली. मुलाखतीपूर्वी त्यांच्याकडे ध्वनिफितींचे एक पुडके पाठविण्यात आले होते. त्यात चार तरुण संगीतकारांच्या रचना होत्या. ह्या चौघांपैकी एकही कोणत्या संगीतशाळेचा वा सरकारी स्टुडिओचा प्रतिनिधी नव्हता. चौघेही इलेक्ट्रॉनिक साधनांवर स्वतंत्रपणे काम करणारे होते. आपल्या नव्या मुद्रिका ते लहान, खासगी ध्वनिमुद्रिका-संस्थांमार्फत प्रसिद्ध करीत आणि त्यांचा श्रोतृवर्ग मुख्यतः नृत्यगृहांत जाणारा होता. श्टॉकहाउझेन यांनी प्रत्येकाविषयी अभिप्राय दिला व प्रत्येकास आपली एकेक कृती ऐकण्याचा उपदेश केला. पुढे लंडनच्या 'द वायर' ह्या नियतकालिकाने नोव्हेंबर १९९५च्या अंकात हे अभिप्राय आणि त्यांवरील तरुणांची प्रत्युत्तरे एकत्र छापली.

हा प्रसंग बहुधा विनोदी आख्यायिकेप्रमाणे सांगितला जातो : एक वृद्ध आचार्य, काही उद्धट पोरे, आणि दोन पिढ्यांतील विसंवाद. तथापि हा प्रसंग एवढ्यावर संपत नाही. ह्या वादाच्या केंद्रस्थानी एकच शब्द होता, 'पुनरावृत्ती'. तो शब्द त्या काळी इंग्लंडात केवळ संगीतसमीक्षेचा राहिला नव्हता. एक वर्षापूर्वीच तो दंडविधानात शिरला होता. त्या एका शब्दाखाली परस्परांहून भिन्न अशा दोन गोष्टी एकत्र झाल्या, त्यामुळे वादी आणि प्रतिवादी वेगवेगळ्या विषयांवर बोलत राहिले, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम दोन्ही पक्षांचा पूर्वेतिहास पाहणे अवश्य आहे.

१. कलोनची परंपरा

श्टॉकहाउझेन यांचा जन्म १९२८ साली कलोन शहराजवळील मोड्राट येथे झाला. १९५२ साली ते पॅरिस येथे होते. ऑलिव्हिए मेसियाँ यांच्या वर्गास ते बसत. त्याच सुमारास पिएर शेफेर यांच्या स्टुडिओत त्यांनी ध्वनिफितीवरील आपली पहिली रचना केली. त्यानंतर कलोनच्या आकाशवाणी केंद्रात हेर्बर्ट आयमर्ट यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत ते दाखल झाले.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ह्या चरित्रातील पुढील टप्पा विशेष महत्त्वाचा वाटेल. १९५४ ते १९५६ ह्या काळात श्टॉकहाउझेन यांनी बॉन विद्यापीठात व्हेर्नर मायर-एप्लर यांच्यापाशी ध्वनिविज्ञान व संदेशनशास्त्र यांचे अध्ययन केले. क्लॉड शॅनन यांचा संदेशनाविषयीचा सुप्रसिद्ध प्रबंध १९४८ साली प्रकाशित झाला होता आणि मायर-एप्लर हे त्या विचाराचे जर्मनीतील एक प्रमुख प्रवर्तक होते. कोणत्याही संदेशात नव्या माहितीचा अंश किती आणि आधीच्या भागावरून अनुमानिता येईल असा अंश किती, हा त्या शास्त्राचा मूलभूत प्रश्न होय.

ह्या अध्ययनाचे प्रत्यक्ष फळ म्हणजे 'गेझांग डेर युंग्लिंगे', अर्थात 'कुमारांचे गीत' ही १९५५–५६ मधील कृती. एका बारा वर्षांच्या मुलाचा आवाज आणि यंत्रनिर्मित ध्वनी यांचे हे सुमारे तेरा मिनिटांचे संमिश्रण आहे. त्याचा पहिला प्रयोग ३० मे १९५६ रोजी कलोन येथे, श्रोत्यांच्या सभोवती ध्वनिक्षेपकांचे पाच गट मांडून करण्यात आला. मानवी वाणीतील स्वर हे नादमय असतात, तर 'स', 'श' यांसारखी व्यंजने गोंगाटाच्या जवळ जातात. शुद्ध नादापासून गोंगाटापर्यंत यंत्रनिर्मित ध्वनींचीही अशीच एक अखंड श्रेणी लावता येते. श्टॉकहाउझेन यांनी ह्या दोन श्रेणी एकमेकींत गुंफल्या. मुलाच्या तोंडचे शब्द कोठे स्पष्ट कळतात, कोठे अर्धवट, तर कोठे ते केवळ ध्वनिरूप होऊन राहतात. शब्दबोधाच्या ह्या पायऱ्याही त्यांनी हेतुपूर्वक योजिल्या होत्या. वर्णविचाराचा असा सूक्ष्म उपयोग त्यापूर्वी क्वचितच कोणा रचनाकाराने केला असेल.

ह्या परंपरेचा एक सामाजिक विशेष ध्यानात ठेवावा लागतो. कलोनचा स्टुडिओ आकाशवाणीच्या पैशावर चाले. तेथील उपकरणे मूळची मोजमापाची होती. त्यांवर एकेक नाद निर्माण करून, फीत कापून, सेंटिमीटरच्या हिशेबाने तुकडे जोडावे लागत. काही मिनिटांच्या संगीतासाठी महिनोगणती श्रम लागत. अशा ठिकाणी एकच तुकडा पुन्हा वापरणे हा सोपा मार्ग ठरतो आणि तो सोपा असल्यामुळेच तो टाळणे हे कलावंताच्या निष्ठेचे लक्षण मानले जाते. पुनरावृत्तीविषयीचा कलोनचा कडकपणा काही अंशी ह्या श्रमसंस्कृतीतून आलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

२. दुसरी परंपरा : डेट्रॉइट ते कॉर्नवॉल

प्रतिपक्षाची वंशावळ वेगळी आहे. मात्र तिचा एक धागा त्याच ऱ्हाइन नदीच्या काठी सापडतो. कलोनच्या शेजारी असलेल्या ड्युसेलडॉर्फ येथे १९७० साली 'क्राफ्टवेर्क' हा वाद्यवृंद सुरू झाला. त्यांच्या १९७४च्या 'आउटोबान' व १९७७च्या 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' ह्या मुद्रिकांनी यंत्रांचा नियमित ठोका लोकप्रिय गाण्यात आणला. ह्या मुद्रिका अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांनी आवडीने ऐकल्या. १९८० च्या दशकात डेट्रॉइट परिसरातील हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉण्डरसन यांनी फंक संगीताचा ताल आणि क्राफ्टवेर्कचे यंत्रनाद यांचा मेळ घालून 'टेक्नो' ह्या प्रकाराची घडण केली. रोलंड ह्या जपानी कंपनीचे १९८० ते १९८३ पर्यंत बनविले गेलेले '८०८' हे तालयंत्र त्या काळी जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागले होते. ह्या नव्या संगीताची उभारणी अशा टाकाऊ ठरलेल्या यंत्रांवर झाली. १९८८ साली ह्या रचनांचा एक संग्रह लंडनमध्ये निघाला आणि 'टेक्नो' हे नाव युरोपात रूढ झाले.

श्टॉकहाउझेन यांच्यापुढे ज्यांच्या फिती ठेवण्यात आल्या त्यांपैकी रिची हॉटिन हे ह्या परंपरेचे थेट वारस होत. त्यांचे बालपण कॅनडातील विंडसर ह्या गावी गेले; नदी ओलांडली की डेट्रॉइट लागते. 'प्लॅस्टिकमन' ह्या नावाने ते मुद्रिका काढीत. 'स्कॅनर' हे नाव घेतलेले रॉबिन रॅम्बो हे हवेतून जाणारी दूरध्वनी-संभाषणे व रेडिओचे आवाज पकडून त्यांचा उपयोग रचनेत करीत. डॅनियल पेम्बर्टन हे तर त्या वेळी विशीही न गाठलेले युवक होते. पुढे ते चित्रपट-संगीतकार म्हणून ख्यातनाम झाले.

चौथे रिचर्ड डी. जेम्स. त्यांचा जन्म १९७१ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला व ते इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास असलेल्या कॉर्नवॉल परगण्यात वाढले. 'एफेक्स ट्विन' हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध टोपणनाव. १९९१ साली एका मित्रासह त्यांनी 'रेफ्लेक्स' ही स्वतःची ध्वनिमुद्रिका-संस्था काढली, ती २०१४ पर्यंत चालली. त्यांची 'डिजरिडू' ही रचना १९९२ मध्ये गाजली. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या एका फुंकवाद्याचे नाव तिला दिलेले आहे. जेम्स यांनी घरातल्या खोलीत एकट्याने काम केले. कोणत्याही मंडळाची संमती, अनुदान वा परीक्षण त्यांच्या वाट्यास आले नाही आणि त्यांनी ते मागितलेही नाही. ज्या ऑगस्टमध्ये श्टॉकहाउझेन यांची मुलाखत झाली, त्याच १९९५ साली अमेरिकन रचनाकार फिलिप ग्लास यांनी जेम्स यांच्या एका रचनेचा वाद्यवृंदासाठी विस्तार केला होता. ग्लास यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास पॅरिस येथे पं. रविशंकर यांच्यासमवेत एका चित्रपटाच्या संगीतावर काम करताना भारतीय तालाची चक्राकार रचना जवळून पाहिली होती आणि तिचा परिणाम आपल्या शैलीवर झाल्याचे ते मान्य करीत आले आहेत. ह्यावरून लोकप्रिय आणि शिष्टमान्य असे दोन बंद कप्पे त्या काळी उरलेले नव्हते, हे दिसून येते.

३. १९९४चा कायदा

मुलाखतीच्या आदल्या वर्षी इंग्लंडात एक महत्त्वाची घटना घडली होती. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन येथे उघड्या माळावर हजारो तरुणांचा अनेक दिवस चाललेला नृत्यमेळावा भरला होता. त्यावर माजलेल्या गदारोळानंतर नोव्हेंबर १९९४ मध्ये फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था यांविषयीचा अधिनियम संमत झाला. त्याच्या ६३ व्या कलमान्वये उघड्यावर रात्री भरणाऱ्या, शंभर वा अधिक लोकांच्या, ध्वनिवर्धित संगीताच्या मेळाव्यांवर पोलिसांना कारवाई करण्याचा अधिकार मिळाला. 'संगीत' ह्या शब्दाची व्याप्ती सांगताना, जे ध्वनी पूर्णतः वा मुख्यतः पुनःपुन्हा येणाऱ्या ठोक्यांच्या मालिकेने ओळखले जातात त्यांचाही संगीतात समावेश होतो, असे त्या कलमात नमूद केलेले होते. एखाद्या संगीतप्रकाराचे त्याच्या तालरचनेवरून वर्णन करून तो दंडविधानाच्या कक्षेत आणण्याचे हे उदाहरण विरळच म्हटले पाहिजे.

ह्यावर स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक संगीतकारांनी दिलेले उत्तर चतुर होते. 'ऑटेकर' ह्या दोघा संगीतकारांच्या जोडीने १९९४ मध्येच 'अँटी' ही मुद्रिका काढली. तिच्यातील एका रचनेत कोणत्याही दोन मात्राखंडांतील ठोके एकसारखे येणार नाहीत अशी योजना केलेली होती. म्हणून ती रचना नव्या कायद्याखालीही वाजविता येईल, अशी सूचना वेष्टनावर छापली होती. मात्र ती वाजविताना, पोलिसांच्या शंकेचे निरसन करण्यासाठी एक वकील व एक संगीतशास्त्रज्ञ बरोबर बाळगावा, असाही सल्ला तिच्यात होता. हा विनोद वरवरचा नव्हता. पुनरावृत्ती म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वकिलाने सोडवावा की शास्त्रज्ञाने, असा खोचक सवाल त्यात आहे. आणि ती रचना ऐकणाऱ्यास पाय हलविण्यासारखा ताल तीत स्पष्ट जाणवतो. सारखे ठोके नसतानाही ताल नाहीसा होत नाही, हे त्या रचनेने सप्रयोग सिद्ध केले.

एका वर्षाच्या आत श्टॉकहाउझेन यांनी ह्याच मंडळींच्या पिढीस पुनरावृत्ती सोडण्याचा उपदेश केला. कायद्याचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. परंतु ऐकणाऱ्यांच्या कानी तोच शब्द दुसऱ्यांदा, आणि ह्या खेपेस विद्येच्या पीठावरून, पडला. प्रत्युत्तरांतील तिखटपणाचा विचार करताना हा संदर्भ विसरता येणार नाही.

४. अभिप्राय आणि प्रत्युत्तर

श्टॉकहाउझेन यांच्या बोलण्याचा सारांश असा : ह्या संगीतकारांनी स्वतःस पुनरावृत्तीची मुभा देऊ नये, आपल्या कल्पनांचा विकास अधिक वेगाने करावा; सतत तेच ते ऐकविणे हे तोतऱ्या माणसाच्या बोलण्यासारखे आहे, ज्याच्या तोंडून शब्द बाहेर पडत नाहीत. संगीताचा मादक द्रव्याप्रमाणे उपयोग करणे त्यांना अमान्य होते. संगीत हे मानवी बुद्धीचे व कल्पनाशक्तीचे श्रेष्ठ फळ असून ते बाजारातील मागणीच्या सेवेस लावू नये, असा त्यांचा आग्रह होता. जेम्स यांना त्यांनी 'कुमारांचे गीत' ऐकण्यास सांगितले. ते ऐकल्यावर जेम्स ही आफ्रिकोत्तर पुनरावृत्ती तत्काळ सोडून देतील आणि बदलत्या लयींचा शोध घेतील, असा त्यांचा विश्वास होता. हॉटिन यांच्यासाठी त्यांनी 'त्सिक्लुस' ही १९५९ मधील तालवाद्याची कृती सुचविली आणि बजावले की, नृत्यगृहातील श्रोत्यांवर विसंबू नये. नवी नशा बाजारात येताच हा वर्ग त्यांना सोडून जाईल. रॅम्बो यांच्या शोधक वृत्तीची त्यांनी प्रशंसा केली, परंतु सापडलेले ध्वनी ते कच्च्या स्थितीतच ठेवतात, त्यांचे रूपांतर करीत नाहीत, असा दोष दाखविला. पेम्बर्टन यांच्या रचनेतील फितीची वलये आणि आगगाडीचे ताल त्यांना जुनाट वाटले.

प्रत्युत्तरांत जेम्स यांचे उत्तर सर्वांत गाजले. 'कुमारांचे गीत' त्यांनी आधीच ऐकले होते आणि ते त्यांना आवडतही होते. मात्र उपदेश त्यांना मान्य नव्हता. उलट श्टॉकहाउझेन यांनीच आपली 'डिजरिडू' ऐकावी, म्हणजे ज्यांवर नाचता येत नाही अशा अमूर्त, यदृच्छ आकृती रचणे ते थांबवतील, असे त्यांनी सुचविले. त्या कृतीत ग्रूव्ह नाही, खालच्या सप्तकातील बेसची चाल नाही. ती १९५०च्या दशकातील आहे हे खरे, परंतु ज्यांवर उत्तम नाचता येते अशा त्याच दशकातील तालवाद्यांच्या मुद्रिका आपल्यापाशी पुष्कळ आहेत, असे त्यांचे म्हणणे. फितीचे काम फार संथ असते. संगणकाने तेच कितीतरी वेगाने होते, असा एक कारागिरीचा मुद्दाही त्यांनी मांडला. अलीकडे ऐकलेली श्टॉकहाउझेन यांची कृती म्हणून त्यांनी 'श्टिमुंग'चा उल्लेख केला आणि ती आवडली नसल्याचे सांगितले. अखेरीस, दुसऱ्याच्या मध्यस्थीने चर्चा होऊ शकत नाही, एका खोलीत समोरासमोर बसून बोलावयास मिळावे, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली.

ह्या उत्तराची भाषा रांगडी असली तरी तिच्यात एक निश्चित निकष आहे. कृतीचे मूल्य तिच्या हेतूवरून ठरवावे आणि नृत्य हा संगीताचा एक प्रतिष्ठित हेतू आहे, असा तो निकष होय. ह्या पक्षाची शास्त्रीय बाजू जेम्स यांनी मांडली नाही. ती मांडण्याची सामग्री मात्र इतिहासात उपलब्ध आहे.

५. एका शब्दाखालील दोन अर्थ

भारतीय शास्त्रपरंपरेत ह्या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वादातील पराभवाची जी स्थाने सांगितली आहेत त्यांत 'पुनरुक्त' हे एक आहे. शब्दाचे वा अर्थाचे पुन्हा कथन म्हणजे पुनरुक्त. मात्र 'अनुवाद' त्यातून वगळलेला आहे. येथे अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे, तर प्रयोजन धरून केलेले पुनःकथन. दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्षी विचारतो की, दोहोंतही तोच शब्द पुन्हा येतो, मग भेद कसला? त्यावर उत्तर असे की, जाणाऱ्यास 'लवकर, लवकर' असे म्हटले असता दुसरा 'लवकर' व्यर्थ नसतो. त्याने त्वरेचा अतिशय कळतो. साहित्यशास्त्रातही एकच पद पुन्हा योजणे हा दोष सांगून काही स्थळी तोच गुण होतो, असे मम्मटाने म्हटले आहे. थोडक्यात, पुन्हा येणे हा दोष नसून निष्प्रयोजन पुन्हा येणे हा दोष होय.

मराठी भाषेनेही हा विवेक आपल्या शब्दसंग्रहात राखला आहे. उजळणी, पारायण, जप, आवर्तन, घोकंपट्टी, चऱ्हाट हे सर्व पुन्हा करण्याचे प्रकार होत. परंतु त्यांतील कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही, कारण प्रत्येकाचे प्रयोजन वेगळे आहे. 'पालुपद' ह्या एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले आहेत : भजनात ते पदाचा आधार असते, तर कटकट्या माणसाच्या बोलण्यात ते त्रासाचे कारण ठरते.

तोतरेपणाची उपमा ह्या कसोटीवर घासून पाहण्यासारखी आहे. तोतऱ्याच्या बोलण्यात वर्ण पुन्हा येतो तो वक्त्याच्या इच्छेविरुद्ध. 'हळूहळू', 'घरोघर', 'चालता चालता' यांत शब्द पुन्हा येतो तो व्याकरणाच्या नियमाने, आणि त्यातून नवा अर्थ निष्पन्न होतो. ध्वनीच्या दृष्टीने दोन्ही पुनरावृत्तीच; भाषेच्या दृष्टीने त्यांत महदंतर आहे. मायर-एप्लर यांच्या शिष्यास हे अपरिचित असण्याचा संभव नव्हता. शॅनन यांनी साध्या इंग्रजी लेखनातील सुमारे निम्मा भाग आधीच्या भागावरून अनुमानिता येण्याजोगा असतो, असे गणिताने दाखविले होते. 'ती मोठी मुलगी आली' ह्या मराठी वाक्यात स्त्रीलिंग चारदा सूचित होते. त्यातील तीन वेळा माहितीच्या दृष्टीने अतिरिक्त आहेत. परंतु हे अतिरिक्तच गोंगाटात वाक्य कळण्यास साह्य करते. ज्या भाषेत काहीच पुन्हा येत नाही ती समृद्ध न ठरता दुर्बोध ठरेल.

इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. १९४८ साली शेफेर यांनी आगगाडीच्या आवाजांवरून आपली पहिली अध्ययनकृती केली तेव्हा त्यांचे मुख्य साधन होते तबकडीवरील बंद केलेली खाच. सुई त्याच वर्तुळात फिरत राही आणि एकच ध्वनी पुनःपुन्हा ऐकू येई. अशा ऐकण्यामुळे कान ध्वनीच्या उगमावरून हटून त्याच्या अंतरंगाकडे वळतो, हे त्यांच्या ध्यानात आले. 'ग्रूव्ह' ह्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ खाच, तबकडीवरील चरही. १९३०च्या दशकात जॅझ वादकांच्या बोलीतून त्यास तालाची ओढ असा अर्थ रूढ झाला. 'कुमारांच्या गीता'त ग्रूव्ह नाही असे जेम्स म्हणतात, तेव्हा ते नकळत त्या कलेच्या जन्मस्थानाचेच नाव घेतात.

खुद्द श्टॉकहाउझेन यांच्या कृतींतही ह्याचा प्रत्यय येतो. 'कोन्टाक्टे' (१९५८–६०) ह्या कृतीच्या मध्यावर एक स्वर खाली खाली उतरत जातो आणि अखेर सुट्या ठोक्यांत विरघळतो. एका सेकंदास सुमारे सोळांहून अधिक ठोके पडले की कानास स्वर ऐकू येतो, त्याहून कमी पडले की ताल, ही गोष्ट त्यातून कानाला पटते. स्वर म्हणजे वेगवान पुनरावृत्ती, हा सिद्धांत श्टॉकहाउझेन यांनी १९५७ पासून लेखांतूनही मांडला होता. 'श्टिमुंग' (१९६८) ही तर सहा गायकांनी तासाभराहून अधिक काळ एकाच स्वरसंघाच्या आधारे गावयाची कृती आहे. तीत एक गायक तालबद्ध बोलांचा आकृतिबंध पुनःपुन्हा म्हणतो आणि इतर गायक हळूहळू त्याच्याशी एकरूप होतात. जेम्स यांना ती आवडली नाही, हा ह्या वादातील एक मोठा विपर्यास होय. इतकेच नव्हे, पुनरावृत्तीवर औषध म्हणून सुचविलेल्या 'कुमारांच्या गीता'ची संहिता बायबलमधील दानिएलाच्या ग्रंथाशी निगडित अशा स्तोत्रावरून घेतलेली आहे, ज्यात सृष्टीतील एकेका वस्तूस ईश्वराची स्तुती करण्याचे आवाहन त्याच शब्दांनी वारंवार येते.

६. 'आफ्रिकोत्तर' ह्या विशेषणाविषयी

जेम्स आणि हॉटिन यांच्या तालांस श्टॉकहाउझेन यांनी आफ्रिकेशी जोडले. वंशावळीच्या दृष्टीने ह्यात तथ्य आहे; डेट्रॉइटच्या संगीताची मुळे कृष्णवर्णीय अमेरिकन परंपरेतच आहेत. आक्षेपार्ह आहे ती त्या विशेषणाची दोषवाचक योजना. पश्चिम आफ्रिकेतील एवे लोकांच्या वादनात घंटेचा एक ठरावीक आकृतिबंध अखंड चालू राहतो आणि त्याच्या आधारावर इतर वादक गुंतागुंतीचे ताल रचतात. अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइख १९७० मध्ये घाना येथे हे वादन शिकण्यास गेले आणि तेथून परतल्यावर त्यांनी 'ड्रमिंग' ही कृती पूर्ण केली. घंटेचे आवर्तन हे त्या वादनाचे साध्य नसून मोजमापाचे साधन आहे.

महाराष्ट्रातील संगीतरसिकास हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. स्वतंत्र तबलावादनाच्या मैफलीत सारंगीवर वा संवादिनीवर लेहऱ्याची एकच ओळ शेकडो वेळा वाजते. तीस कोणी पुनरुक्ती म्हणत नाही, कारण तबलजीच्या कायद्याचा विस्तार आणि समेवर येण्याचे कौशल्य त्या ओळीवाचून कळतच नाही. लेहरा बदलत राहिला तर तबला निरर्थक होईल. टेक्नोतील अखंड ठोक्याचे कार्य ह्याहून फारसे निराळे नाही : त्याच्यावर नादाचा पोत, घनता व रंग सावकाश बदलत असतो. ठोक्याकडेच लक्ष देणाऱ्या श्रोत्यास ह्या संगीतात काहीच घडत नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. लेहऱ्याकडेच लक्ष देणाऱ्या परक्या श्रोत्यासही तबल्याच्या मैफलीत तसेच वाटेल.

७. समारोप

ह्या सर्व विवेचनावरून श्टॉकहाउझेन यांचे अभिप्राय टाकाऊ ठरतात, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. नृत्यगृहातील श्रोतृवर्ग चंचल असतो, हा त्यांचा इशारा अनुभवाचा होता. सापडलेल्या ध्वनीचे रूपांतर करावे, ही त्यांची अपेक्षा कोणत्याही काळातील विद्यार्थ्यास मोलाची आहे. पुनरावृत्तीस दिशा असावी, असेही ते म्हणाले होते. हा विचार न्यायसूत्रांतील प्रयोजनाच्या कल्पनेजवळ जातो. त्यांची चूक एवढीच की, विशिष्ट स्टुडिओत, विशिष्ट श्रमपद्धतीत योग्य असलेला निकष त्यांनी सर्व संगीतास लावला. जेम्स यांच्याही उत्तरात हीच मर्यादा आहे. बेस आणि नृत्यक्षमता हा एका प्रकाराचा नियम आहे. त्यावरून 'कुमारांचे गीत' उणे ठरत नाही, आणि जेम्स यांना ते आवडत होते ह्यातच त्याची साक्ष मिळते.

पुढील इतिहास दोघांच्या मधून गेला. १९९६ व १९९७ मधील जेम्स यांच्या मुद्रिकांत तालाचे आकृतिबंध क्षणोक्षणी मोडतात व बदलतात. हा साल्झबर्गच्या उपदेशाचा परिणाम मानण्यास आधार नाही. लंडनच्या जंगल संगीतात अशी मोडतोड त्यापूर्वीच सुरू झालेली होती. २००३ साली लंडन सिन्फोनिएटा ह्या वाद्यवृंदाने जेम्स यांच्या रचना केज, व्हारेझ व राइख यांच्या कृतींबरोबर एकाच व्यासपीठावर सादर केल्या. श्टॉकहाउझेन २००७ साली निवर्तले. एका खोलीत बसून बोलण्याची जेम्स यांची इच्छा त्या मुलाखतीच्या व मासिकाच्या पानांत पूर्ण झाली नव्हती.

ह्या वादाने संशोधकापुढे ठेवलेला प्रश्न परिभाषेचा आहे. कलाप्रकाराचे वर्णन करणारी संज्ञा जेव्हा न्यायालयात वा वर्गात निर्णयाचे साधन बनते, तेव्हा तिच्याखाली किती अर्थ एकत्र झाले आहेत हे आधी पाहिले पाहिजे. १९९४च्या कायद्याने ते पाहिले नाही आणि १९९५च्या आचार्यांनीही पाहिले नाही. मराठीत पुनरुक्त, अनुवाद व आवर्तन हे शब्द निरनिराळे आहेत. लोकप्रिय संगीताचा अभ्यास करताना त्यांचा भेद कटाक्षाने पाळला जावा, इतकी अपेक्षा ह्या इतिहासावरून करता येईल.